खुब्याची नोंद कुणाकडे?



'वैद्यकीय उपकरणांवर सरकारी देखरेख म्हणजे नुसती कागदपत्रे' हे वाचकपत्रातील मत पटले नाही. जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपनीने एएसआर हा कृत्रिम खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. धातूवर धातू घासून कोबाल्ट, क्रोमियम रक्तात उतरत होते. भारतात हा खुबा बसवण्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. अनेक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने गुन्हा नोंदवला, केंद्राची तज्ज्ञ समिती मात्र २०१७ मध्ये नेमली गेली. नोंदीचा हा प्रश्न आमच्याकडेही आहे: धाराशिवचे रुग्ण खुब्याची शस्त्रक्रिया सोलापूर-पुण्यात करून घेतात. बसवलेल्या खुब्याच्या बॅच क्रमांकाचे स्टिकर त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर लावावे आणि जिल्हा रुग्णालयानेही त्याची नोंद ठेवावी.

– एक वाचक, कळंब (जि. धाराशिव)