ते पितळ नाही, भाऊ

आम्हा भंडाऱ्याच्या लोकांना घासायचा भारी सोस. पितळेच्या भांड्यांचं गाव आमचं. चिंच लावली, राख लावली, मनगट दुखेस्तोवर घासलं की काळा पडलेला गुंड सोन्यासारखा होतो. हीच सवय आपण जुन्या गाड्यांवर काढतो, आणि माझं भांडण तिथे आहे. पितळ आरपार पितळ असतं, वरचं झिजलं तरी खाली तेच. गाडीचा रंग म्हणजे कल्हई. नुसता थर. कल्हईवाला निदान पुन्हा येतो तरी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात चढलेला रंग पुन्हा चढवायला कोणी येणार नाही.

आमच्या घरी 1984ची प्रीमियर पद्मिनी आहे, फिक्या निळ्या रंगाची. छप्पर आणि बोनेट खडू फासल्यासारखं पांढुरकं झालंय. घरी येणारा प्रत्येक जण सांगतो, पेंट मारून घ्या, नवी दिसेल. का दिसावी नवी? चाळीस वर्षं उलटलीत तिची. आंधळगावच्या मागावरची आजीची कोशाची साडी फिकी पडली म्हणून आपण तिला ऑइलपेंट मारतो का?

30 ऑक्टोबर 2023ला मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. गळे काढले. आणि ज्या खासगी पद्मिनी गावोगावच्या पडवीत उरल्यात, त्यांचा मूळ रंग सँडपेपरनं खरवडून वर चॉकलेटी मेटॅलिक मारणारेही आपणच. त्या रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली गंज. जुना फिका रंग निदान खोटं बोलत नाही. कुठे फुगलंय, कुठे खाल्लंय, ते दिसतं.

हा रंग फिका का पडतो ते समजून घ्या. त्या काळच्या साध्या रंगाच्या गाड्यांवर आजच्यासारखा पारदर्शक क्लिअरकोट सहसा नसायचा. रंग थेट उन्हात उघडा. वरची पातळशी कातडी उन्हानं मरते, तिची भुकटी होते, तीच ती खडूसारखी पांढुरकी. खालचा रंग बहुतेकदा जिवंत असतो. ओल्या पांढऱ्या फडक्यानं एका कोपऱ्यात हलकेच पुसा. फडक्यावर गाडीचा रंग आला, तर वर क्लिअरकोट नाही आणि जे निघालं ते परत येणार नाही. गाडीवरचा सगळा थर मिळून माणसाच्या एक-दोन केसांच्या जाडीचा. म्हणूनच मोबाइलवर ज्या रील फिरतात ना, मशीन लावलं, कंपाउंड फासलं, तीस सेकंदांत आरसा, त्यांत एक गोष्ट कोणी दाखवत नाही: मशीनच्या पॅडवर चढलेला निळा रंग. तो तुमच्या गाडीचा असतो. असे आरसे तीन-चारदा करा, कडांवर प्रायमर हसायला लागेल.

आणि आपल्या जिल्ह्याचं एक खास दुखणं आहे. धानाचा मुलूख, राइस मिलचा मुलूख. तुसाची राख उडते आणि सकाळी बोनेटवर करडी साय धरते. ही राख बहुतांशी सिलिका असते, म्हणजे वाळूची सख्खी बहीण. उगाच नाही ती भांडी घासायला चालत. आणि आपण काय करतो? डिक्कीतलं कोरडं फडकं काढून गाडी झटकतो! कोरडं फडकं लावणाऱ्याचा हात धरावासा वाटतो मला. आधी भरपूर पाणी. मग गाडीचाच शाम्पू, भांड्याचा साबण नाही. दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. एवढ्यानंच अर्धी गाडी वाचते.

पुढचं काम संथ आहे, रील होण्यासारखं नाही. कंपाउंड नसलेलं, तेलकट पॉलिश मऊ सुती फडक्यानं लावायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. वाळलेल्या रंगातल्या बारीक भेगा तेलानं भरतात, उजेड विखुरत नाही आणि निळा पुन्हा निळा वाटायला लागतो. दुसऱ्या दिवशी हलकेच पुसून वर कार्नोबा मेणाचा पातळ हात. हे मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर धरतं, उन्हातल्या पानाला जपायला. आपण तेच काम त्याच्याकडून पत्र्यावर करून घेतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकतो तेव्हा हे सगळं पहाटे, सावलीत, पत्रा थंड असताना. तापलेल्या बोनेटवर मेण लावलं तर ते असं चिकटतं की काढताना पुन्हा घासणंच आलं. महिन्या-दोन महिन्यांनी परत लावायचं. मेण मेलेला रंग जिवंत करत नाही, हेही सांगतो. राहिलेला टिकवतं.

सिरॅमिक कोटिंगवाले म्हणतील, एकदाच करा आणि विसरा. त्यासाठी ते आधी रंग घासणार, मग त्यातलं तेल रसायनानं पुसून काढणार. ज्या म्हाताऱ्या रंगाला तेलच हवंय त्याचं तेलच काढायचं, ही कुठली काळजी?

हे फक्त हळव्या लोकांचं वेड समजू नका. अमेरिकेतल्या पेबल बीचच्या नामांकित मोटार प्रदर्शनात 2001पासून न रंगवलेल्या, जशा आहेत तशा गाड्यांचा वेगळा गट आहे. आपल्याकडेही 2021च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर दिलाय. पद्मिनी हे नाव 1974चं. म्हणजे पहिल्या पद्मिनींची पन्नाशी आत्ताच उलटली. ज्यांनी गेल्याच वर्षी 'नवी दिसेल' म्हणून मूळ रंग खरवडून टाकला, त्यांच्याकडे मूळ म्हणून दाखवायला काय उरलंय?

गंजाचं मात्र वेगळं. पत्रा खाल्ला गेला असेल तर मेण लावत बसू नका. तेवढाच तुकडा कापा, जोडा, तेवढाच रंगवा. रंग तंतोतंत जुळणार नाही, आणि जुळावा म्हणून अख्खी गाडी रंगवायला सांगणाऱ्या पेंटरचं ऐकू नका. आमच्या गाडीच्या मागच्या दाराचा खालचा वीतभर पट्टा किंचित गडद आहे. लोक विचारतात. मी सांगतो, तो नवा आहे.