मुंब्रा टाळा, पण का?

ठाण्याहून सायकलवर एकट्याने लांब जायचं म्हटलं की एक सल्ला फुकट मिळतो. "मुंब्रा टाळा. भिवंडीतून तर मुळीच नको." का, असं विचारलं की "तिकडचं वातावरण..." एवढं म्हणून वाक्य सोडून देतात. उरलेलं ऐकणाऱ्याने मनात पुरं करायचं. मी वर्तकनगरला राहते, उर्दू आणि मराठी शिकवते. अर्धवट वाक्यं पुरी करून घेणं हा माझा धंदाच आहे, तेव्हा हेही एकदा पुरं करू.

मुंब्रा बायपास टाळावाच. जेएनपीटीतून निघालेले कंटेनर भिवंडी, नाशिक, गुजरातकडे याच रस्त्याने जातात. चढ, वळणं, पावसाळ्यात खड्डे, आणि कंटेनरच्या केबिनमधून डावीकडचा सायकलवाला दिसतच नाही. याच कारणासाठी घोडबंदर रस्ताही टाळावा. गायमुखचा घाट, मेट्रोचे खांब, अवजड गाड्या, सगळं तिथेही आहे. पण घोडबंदरबद्दल बोलताना "तिकडचं वातावरण" असं कुणी म्हणत नाही. तोच कंटेनर घोडबंदरला ट्रॅफिक असतो आणि मुंब्र्यात पोचला की वातावरण होतो.

2022 साली महाराष्ट्रात रस्ते अपघातांत 15,224 माणसं गेली. त्याच वर्षी राज्यात खून झाले 2,295. हे दोन्ही आकडे सरकारीच आहेत. सायकल घेऊन निघणाऱ्याने कशाला भ्यावं हे त्यांवरून कळतं. तरी प्रदेश सुरक्षित आहे का, या प्रश्नाला आपण वस्तीच्या नावाने उत्तर देतो. पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 मध्ये सायकलवरून जगाची फेरी पुरी करून आली, सुमारे 29,000 किलोमीटर. तिला चाकू दाखवून लुटलं ते स्पेनमध्ये. स्पेनचं नाव घेताना मात्र कुणाचं वाक्य अर्धवट राहत नाही.

आता आपल्याकडच्यांना. माझी एक जुनी विद्यार्थिनी, वय तेवीस, दुपट्टा बांधून येऊरचा चढ रोज चढणारी, या हिवाळ्यात एकटीने हर्णैपर्यंत जायचं म्हणते. तिच्या कौशातल्या मामूंनी सांगितलं, "खेड्यात नको जाऊस बेटा, आपलं नाव ऐकून काय करतील सांगता येत नाही." हेही अर्धवटच वाक्य. फक्त दिशा उलटी.

मामूंची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. जून 2023 मध्ये इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात गोवंश वाहतुकीच्या संशयावरून दोन मुसलमान तरुणांचा जीव गेला. ऑगस्ट 2024 मध्ये कल्याणला लेकीकडे निघालेल्या एका वृद्धाला चालत्या गाडीत, डब्यातून मांस नेतो म्हणून मारहाण झाली. "सगळं सुरक्षित आहे, मनात आणू नका" असं ज्यांना सहज म्हणता येतं, त्यांनी आधी आपलं नाव बघावं. एकाच रस्त्याचं उत्तर दोन माणसांना वेगवेगळं मिळतं, आणि ते मान्य न करता दिलेला सल्ला कुचकामी असतो.

पण पुढचं पानही वाचावं लागतं. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जमावाने पाच जणांना ठार केलं, ते नाथपंथी डवरी गोसावी होते. एप्रिल 2020 मध्ये पालघरच्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. दोन्हीकडे कारण चोरांची, मुलं पळवणाऱ्यांची अफवा. तिथे नाव कुणी विचारलंच नाही. अनोळखी असणं पुरेसं होतं. म्हणून गाव कुणाचं आहे यापेक्षा त्या भागात सध्या कसली अफवा फिरतेय, निवडणूक किंवा मिरवणूक तोंडावर आहे का, हे विचारणं उपयोगाचं. ते एसटीचा कंडक्टर सांगतो, रिक्षावाला सांगतो. ठाण्यात बसून नकाशावर लाल रेघा मारणारा सांगू शकत नाही.

आणखी एक खूण मी पोरीला सांगितली. गावात शिरताना बघ, शाळेच्या मुली सायकलवर एकट्यादुकट्या दिसतात का, संध्याकाळी सातला स्टँडवर बायका उभ्या असतात का. मानव विकास कार्यक्रमातून सरकार मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देतं. त्या मुली रोज जे करतात त्याला कुणी सोलो टूरिंग म्हणत नाही, पण रस्त्याची पारख त्यांच्याइतकी कुणाला नाही.

मेहरमचा प्रश्न येणार, आलाच. उलेमांत त्यावर मतभेद आहेत, मी फतवा देणारी नव्हे. पण भारतातून 2018 पासून 45 वर्षांवरच्या बायका मेहरमशिवाय हजला जातात. आणि अदी बिन हातिम यांची हदीस शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. हीरा शहरातून बाई एकटी काबागृहापर्यंत येईल आणि तिला अल्लाहखेरीज कुणाचं भय नसेल, असं त्यात सांगितलंय. मुलुख सुरक्षित झाल्याची कसोटी म्हणून तिथे बाईचा प्रवास सांगितलाय. मग मुलुख सुरक्षित करा ना! पोरीला घरात बसवून मुलुख सुधारल्याचं मी कुठे पाहिलं नाही.

रस्ता आम्ही असा ठरवला. पनवेलवरून मुंबई-गोवा महामार्ग नाही, त्याचं चौपदरीकरण 2011 पासून रखडलेलं. भल्या पहाटे भाऊच्या धक्क्याला, तिथून रो-रोने मांडवा, मग अलिबाग, काशीद, मुरूड. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून बोटीने दिघी आणि पुढे श्रीवर्धन. तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून खाडी ओलांडून वेश्वी, बाणकोट, केळशी, हर्णै. वाटेत कोकणी मुसलमानांची गावं आहेत, कोळीवाडे आहेत, ब्राह्मणांच्या वाड्या आहेत. निघायचं सोमवारी, कारण शनिवार-रविवारी अलिबागच्या रस्त्यावर मुंबईच्या गाड्या असतात आणि त्यातले कित्येक चालक शुद्धीत नसतात. मागचा दिवा दिवसाही चालू. अंधार पडायच्या आत मुक्कामावर.

मुक्कामाचं मात्र अवघड आहे. एकटी मुलगी, त्यात आधार कार्डावर असं नाव. म्हणून खोली सांगताना फोनवर पहिल्या वाक्यातच पूर्ण नाव सांगायचं, असं ठरलंय. नकार यायचाच असेल तर तो घरी बसल्या यावा, संध्याकाळी सहाला श्रीवर्धनच्या रस्त्यावर नको. तीनपैकी दोन ठिकाणी खोली मिळाली आहे. तिसऱ्याने "नंतर कळवतो" म्हणून फोन ठेवला.