जंतुभक्षक आणि आपलें खेडें

गंगायमुनांच्या पाण्यांत पटकीचे जंतु लवकर मरतात, पण तेंच पाणी उकळल्यावर तो गुण उरत नाहीं, असें अर्नेस्ट हॅन्किन यांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १९१७ सालीं फेलिक्स देरेल यांनीं पॅरिस येथें जंतूंस मारणाऱ्या अतिसूक्ष्म विषाणूंस ‘बॅक्टेरिओफाज’, म्हणजे जंतुभक्षक, हें नांव दिलें, व १९२७ सालीं पंजाबांत पटकीच्या रोग्यांवर त्यांचा प्रयोगहि केला. (हॅन्किन यांनीं पाहिले ते हेच काय, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे, म्हणून नदीचें पाणी औषध समजून कोणीं पिऊं नये!)

पेनिसिलीनादि औषधें आल्यावर हा उपाय बहुतेक देशांत मागें पडला. आतां त्या औषधांस न जुमानणारे जंतु वाढले आहेत. २०१६ सालीं कॅलिफोर्नियांत टॉम पॅटर्सन हे प्राध्यापक अशाच जंतूंमुळें मरणाच्या दारीं पोंचले असतां, इतर औषधांबरोबर जंतुभक्षक दिल्यावर वांचले.

मग हें औषध आपल्या धनज गांवीं कां नसावें, असें विद्यार्थी विचारतील. अडचण अशी, कीं एक जंतुभक्षक बहुधा एकाच जातीच्या जंतूस मारतो, आणि त्या जातींतहि कांहीं वाणांसच. जखमेंतला पू तपासून जंतु ओळखल्यावांचून तो देणें म्हणजे अंधारांत दगड मारणें होय. यास्तव माझें मत असें, कीं खेड्यांस आधीं जंतुपरीक्षेची सोय पाहिजे, नवें औषध मागून. त्या सोयीनें आजचीं औषधेंहि नेमकीं देतां येतील. तोंवर आईबापांनीं मुलांच्या पडशास दुकानांतून जंतुनाशक गोळ्या आणणें सोडावें. पडसें विषाणूंचें असतें, त्यावर त्या चालतच नाहींत.