नवशिके व्हायला हरकत काय?

होस्टेलमध्ये हल्ली एक प्रश्न वारंवार कानावर येतो, "लॅपटॉप बदलायचा का गं?" कारण सगळ्यांना माहीत आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ टाकायचे तर टी.पी.एम. २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो बहुतेक आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. काहींना वाढीव अपडेट्सची सोय मिळाली, पण मुदतवाढ म्हणजे काही कायमचा बंदोबस्त नव्हे. थोडक्यात काय, तर दादाने वापरून दिलेला किंवा ऊसबिल आल्यावर बाबांनी घेतलेला लॅपटॉप, ज्याची स्क्रीन चालते, कीबोर्ड चालतो, बॅटरीसुद्धा तासभर टिकते, तो एका तारखेपासून 'जुना' ठरला!

माझे मत सरळ आहे. असा लॅपटॉप भंगारात काढण्याआधी किंवा घरी नव्यासाठी फोन लावण्याआधी त्यावर लिनक्स टाकून बघावे. उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांना लायसन्सचे पैसे पडत नाहीत. उबुंटूच्या एल.टी.एस. आवृत्तीला पाच वर्षे अपडेट्स मिळतात. आणि 'क्रॅक' शोधत फिरावे लागत नाही. आपल्याकडे क्रॅकच्या पेन ड्राइव्हबरोबर किती व्हायरस रूम टू रूम फिरतात, हे मी सांगायला नको.

यावर ठरलेले उत्तर येते, "लिनक्स अवघड असतं, ते कॉम्प्युटरवाल्यांचं काम." खरंच अवघड असते का? मी कॉन्व्हेंटची मुलगी. बालवाडीपासून इंग्रजी, त्यामुळे इंग्रजी मला 'सोपे' वाटते. हा लेख मराठीत लिहिताना मात्र ऱ्हस्व-दीर्घासाठी मी तीनदा रूममेटला उठवले. मग मराठी अवघड आणि इंग्रजी सोपी असे म्हणायचे का? माझ्या रूममेटला तर नेमके उलटे वाटते! विंडोजचेही तसेच आहे. चौथी-पाचवीच्या कॉम्प्युटर लॅबपासून आपण 'स्टार्ट' बटण दाबत आलो, म्हणून ते सोपे. लिनक्सवर गेलो की दोन आठवडे साधी फाइल कुठे सेव्ह झाली तेही सापडत नाही. वर्गात पहिली येणारी मुलगीसुद्धा तिथे नवशिकी होते, आणि विसाव्या वर्षी नवशिके दिसायची आपल्याला भारी लाज वाटते. माझ्या मते खरी अडचण ही आहे, टेक्निकल अडचणी नंतरच्या.

लिनक्स सुरू कोणी केले बघा. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवल्ड्सने आपण छंद म्हणून करत असलेल्या कामाची माहिती जाहीर केली, आणि लोकांच्या सूचना मागितल्या. तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता, म्हणजे माझ्यापेक्षा एकच वर्षाने मोठा! नोव्हेंबर २०१७ च्या यादीत जगातले पहिले ५०० सुपरकॉम्प्युटर सगळेच्या सगळे लिनक्सवर चालणारे होते. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे. म्हणजे वापरतो आपण सगळेच, फक्त ओळख नाही.

आता थोडे कामाचे. पहिली गोष्ट, सबमिशनच्या आठवड्यात हा उद्योग करू नये. परीक्षा संपल्यावर करावा. दुसरी गोष्ट, आधी काहीही पुसू नये. पेन ड्राइव्हवरून लिनक्स 'लाइव्ह' चालवून बघता येते, हार्ड डिस्कला हात न लावता. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, हे अर्ध्या तासात कळते. नाही जमले तर पेन ड्राइव्ह काढा, विंडोज जागच्या जागी आहे. तिसरी गोष्ट बॅकअप. गडावर राहणाऱ्यांना हे समजवायला नको. नुसत्या तटबंदीवर गड लढत नाही, धान्याच्या कोठ्या लागतात. आपल्या अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या आहेत. आपण निदान एक तरी ठेवावी, आणि ती त्याच हार्ड डिस्कवर नसावी! लॅपटॉपला बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्यावी. आणि जिचा अर्थ कळत नाही अशी 'सुडो'ची कमांड कोणी कितीही छातीठोकपणे सांगितली तरी चालवू नये.

विरोधी बाजूही मान्य करायला हवी. ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स लिनक्सवर थेट चालत नाहीत. काही ऑनलाइन परीक्षांचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते. तेव्हा मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मंडळींनी विंडोज पूर्ण काढून टाकावे असे मी म्हणणार नाही. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवावे. आमच्यातले काही लिनक्सभक्त विंडोज वापरणाऱ्याकडे कमीपणाने बघतात, तेही मला पटत नाही. ज्याला गरज नाही त्याने बदलू नये. ज्याला नवीन मशीन परवडत नाही त्याला मात्र हा रस्ता आहे हे कळायला हवे.

शिकवणार कोण, हा प्रश्न उरतो. आय.आय.टी. मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे छोटे पाठ आहेत, लिनक्सचे पाठ मराठीतूनही आहेत. पाठ बघायचा, थांबवायचा, आपल्या मशीनवर तसेच करायचे, अशी त्यांची पद्धत. तिथल्याच 'फॉसी' प्रकल्पाने सायलॅब, सर्किटसाठी ई-सिम अशी मोफत सॉफ्टवेअर्स कॉलेजांपर्यंत नेली. सिव्हिलवाल्यांसाठी स्टील डिझाइनचे 'ओस्डॅग' तर तिथेच तयार झाले. सी-डॅक संस्थेचे 'बॉस' लिनक्स २००७ पासून आहे. म्हणजे सोय सातासमुद्रापार नाही, आपल्या देशातच आहे.

आणि सर-मॅडमना एक नम्र विनंती. रिपोर्ट पी.डी.एफ.मध्ये चालेल असे सांगितलेत तरी आमची निम्मी धास्ती कमी होईल. कारण वर्डची फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की टेबल एकीकडे आणि आकृती तिसरीकडे जाते, आणि मार्क जातात आमचे. लॅबमधल्या चार-पाच जुन्या मशीनवर लिनक्स टाकून एखादा शनिवार दिला, तर सीनियर्स शिकवतील आणि आम्ही ज्युनियर्स चुकत-माकत शिकू. गडावर पावसाळ्यात धुके उतरले की नेटचा भरवसा नसतो, म्हणून इन्स्टॉलेशनची फाइल प्रत्येकीने वेगळी डाउनलोड करण्यापेक्षा एकच पेन ड्राइव्ह सगळ्या होस्टेलला पुरेल.

आपण इंजिनियर होणार आहोत. पुढची चाळीस वर्षे दर काही वर्षांनी कोणीतरी नवीन मशीन, नवीन भाषा, नवीन सॉफ्टवेअर समोर आणून ठेवणार, आणि दरवेळी आपण परत बिगरीत बसणार. त्याची सवय इथे, मैत्रिणींच्या सोबतीने आणि बाबांचे पैसे वाचवून लागत असेल, तर काय वाईट? तेव्हा या सुट्टीत एक रिकामा पेन ड्राइव्ह बाजूला काढा. आणि हो, बॅकअप आधी!