गॅरंटी कुणाच्या नावाची?

भिशीच्या आणि पोस्टातल्या पैशांतून गेल्या वर्षी मी जुनी गाडी घेतली. पैसे माझे, चालवणार मी. पण दुकानदार पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या नवऱ्याशीच बोलला. मला विचारलं ते एवढंच, "ताई, रंग आवडला ना?" गॅरंटीचं मी विचारलं, तर उत्तर नवऱ्याकडे बघून आलं, "साहेब, इंजिन, गिअरबॉक्स, सहा महिने बघायचं नाही. मी बसलोय ना इथं!" बिलही नवऱ्याच्या नावावर झालं. मी गप्प बसले. मैत्रिणींनो, घाई होती हे खरं. पण सवयही होती.

दीड महिन्यात गिअरबॉक्स खरखरू लागला. मी दुकानात गेले तर म्हणाला, "साहेबांना पाठवा." साहेब गेले, तेव्हा त्यानं कागद पुढे केला. त्यावर फक्त इंजिन लिहिलेलं. एकोणीस हजार गेले. तेही माझेच.

मग वाचायला बसले. जुन्या गाडीच्या बाबतीत गॅरंटी ही एकच गोष्ट नसते. कंपनीची मूळ वॉरंटी ठरलेली वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी भरेल तिथं संपते. ती शिल्लक असेल तर नव्या मालकाला मिळेल का, हे अटींत बघावं लागतं, आणि सर्व्हिसच्या नोंदी नसतील तर वाद होतो. दुकानदार देतो ती वेगळी. तिच्यातून क्लच, ब्रेकचे पॅड, बॅटरी, टायर असे झिजणारे भाग बहुधा वगळलेले असतात. घरगुती मालकाकडून घेतली तर बहुतेक वेळा 'आहे तशी'. तिथं पैसे देण्याआधी आपला मेकॅनिक नेऊन गाडी तपासून घेणं हीच काय ती गॅरंटी.

आणि ते "साहेबांना पाठवा"? 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणारी व्यक्तीसुद्धा ग्राहक आहे. म्हणजे बिलावर नाव नवऱ्याचं असलं तरी तक्रार मी करू शकते. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही.

"घर एकच, नावानं काय फरक पडतो?" असं माझी जाऊच म्हणाली. फरक दुकानाच्या दारात पडतो. बिल, आरसी, वॉरंटीचा कागद, तिन्हींवर माझं नाव असतं तर त्या दिवशी त्याला माझ्याशीच बोलावं लागलं असतं. आणि कागद वाचूनच सही केली असती, तर गिअरबॉक्स राहिलाय हे तिथंच दिसलं असतं. हा दोष माझा, दुकानदारावर ढकलत नाही.

तोंडी शब्द सिद्ध करणं सोपं नाही, हे कळतंय. तरी तक्रार लिहून झाली आहे. गिअरबॉक्सचं बिल आणि आम्हा दोघांची शपथपत्रं जोडून येत्या सोमवारी मी ती आयोगात देणार आहे. नवऱ्यानं त्या दिवशी रजा काढली आहे, पण बोलणार मीच आहे.