शिरूर व दौंड तालुक्यांतील नागरिकांस जाहीर आवाहन

घोड आणि भीमा या नद्यांच्या काठी उसाचे मळे वाढले, रांजणगाव व कुरकुंभ येथे कारखानदारी आली, मुले पाळीच्या नोकरीत गुंतली किंवा पुण्यास स्थायिक झाली, आणि मळ्यातील वस्तीवर म्हातारा-म्हातारी दोघेच उरली, ही स्थिती आता इतकी सार्वत्रिक झाली आहे की तिजविषयी मौन पाळण्यात कोणाचेच हित नाही. वृद्धाश्रमाचे नाव काढताच ‘मुलांनी आईबापांस टाकले’ असा निवाडा देण्याची आपली रीत सोडावी, ही आमची कळकळीची विनंती आहे. कारण या लोकापवादाच्या भयाने कुटुंबे वेळेवर चौकशी करीत नाहीत आणि दुखणे बळावल्यावर मिळेल त्या ठिकाणी माणूस नेऊन ठेवतात.

गरजेप्रमाणे निवास निराळा असावा, हे तत्त्व आपल्या मुलखास परके नाही. केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनात अंधांची व्यवस्था निराळी आणि वृद्ध, दुर्बळ स्त्रियांची निराळी केलेली होती. पुण्यात आज ‘निवारा’ म्हणून परिचित असलेली वृद्धांची संस्था तर १८६३ सालची आहे. हातीपायी धड असून केवळ सोबत हवी असलेल्यांस ज्येष्ठांची सदनिका-संकुले किंवा सशुल्क वृद्धाश्रम पुरेसे होतात. निराधारांसाठी धर्मादाय आश्रम असतात, आणि आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाविषयीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निर्धन वृद्धांची सोय होईल अशा निवासाची तरतूद आहे. परंतु अंथरुणास खिळलेल्या अथवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसास यांपैकी काहीच उपयोगी नाही. त्यास रात्रंदिवस परिचारिका असलेले शुश्रूषा-केंद्रच हवे, आणि पुष्कळ वृद्धाश्रम असा माणूस ठेवून घेत नाहीत, ही गोष्ट दाखल करण्यापूर्वीच विचारून घ्यावी.

खातरजमा करावयाची ती माहितीपत्रकावरून करू नये. न्हाणीघरात धरावयास दांडी आहे काय, उंबरठा किती उंच आहे, रात्री दोन वाजता आजोबांस लघवीस जावेसे वाटले तर उठवून नेणारा माणूस कोण, दुखणे वाढल्यास कोणत्या इस्पितळात नेतात, अनामत परत मिळते काय, हे समक्ष जाऊन पाहावे व विचारावे. आणि ज्यांस तेथे राहावयाचे आहे त्या वडीलधाऱ्यांस बरोबर न्यावे, कारण त्यांच्या संमतीवाचून घेतलेला निर्णय आम्ही तरी योग्य मानणार नाही.

जमिनीविषयी आणखी एक कळकळीची सूचना. हयातीत बक्षीसपत्र करून सातबाऱ्यावरचे नाव उतरविण्याची घाई करू नये, आणि करावयाचेच असेल तर सांभाळाची अट दस्तातच स्पष्ट लिहून घ्यावी. ती लिहिलेली असून पाळली गेली नाही, तर वर सांगितलेल्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ अन्वये न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्दबातल ठरवू शकते. मुले सांभाळ करीत नसल्यास पोटगीचा अर्जही प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील याच न्यायाधिकरणापुढे करता येतो व दरमहा १०,००० रुपयांपर्यंत पोटगीचा हुकूम होऊ शकतो. वाट कळत नसल्यास १४५६७ या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या मोफत मदत क्रमांकावर विचारावे.

ज्या गावी शाळेची किंवा समाजमंदिराची खोली दुपारी रिकामी राहते, तेथे वृद्धांस दिवसा एकत्र बसता येईल, दोन घास गरम मिळतील, असे केंद्र काढण्याचा ठराव येत्या ग्रामसभेत मांडावा. पुष्कळांना घर सोडण्याची वेळच मग उशिरा येईल.