प्रक्षेपणाच्या कुंपणाबाहेरचे खेळाडू

महासाथीच्या काळात खेळाच्या स्पर्धा भरवाव्यात की नाही, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा नीतीच्या अंगाने झाली. वास्तविक तो प्रथम खर्चाचा प्रश्न होता. खेळाडू, पंच, आचारी, वाहनचालक या साऱ्यांना आठवडेच्या आठवडे एकाच ठिकाणी अलग ठेवावयाचे, त्यांची वारंवार तपासणी करावयाची, हा ‘बायो-बबल’चा खर्च प्रेक्षागार रिकामे राहिले म्हणून कमी होत नाही. तो पेलतात प्रक्षेपणाचे हक्क. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा २०२० साली रद्द झाली. २०२१ साली पुरुषांची सारी स्पर्धा एकट्या इंडियाना राज्यात भरविण्यात आली, त्यामागेही या उत्पन्नाचा विचार मोठा होता.

आपल्याकडेही तेच घडले. इंडियन सुपर लीगचे २०२०-२१ चे सामने फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या गोव्यातील तीन मैदानांवर पार पडले. आयपीएलने २०२१ साली शहरामागून शहर बदलले आणि ४ मे रोजी स्पर्धा थांबविण्याची पाळी आली. २०२२ साली साखळीचे सर्व ७० सामने मुंबई, नवी मुंबई व पुणे येथेच झाले. अर्थात एका प्रदेशात राहिल्याने सर्व निभावते असेही नाही. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेतून यजमान भारतालाच संसर्गामुळे बाहेर पडावे लागले.

२१ एप्रिल २०२१ रोजी वानखेडेवर आयपीएलचा सामना झाला. त्याच दिवशी नाशिकच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले. सामन्यामुळे प्राणवायू तोकडा पडला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु समाजाची व्यवस्थापनशक्ती कोठे तत्परतेने धावते, हे त्या दिवशी दिसले.

ज्या खेळाला ग्राहक नाही, तो थांबला. रणजी स्पर्धा १९३४ नंतर प्रथमच रद्द झाली. तरी तेथील खेळाडूंना नियामक मंडळाने पुढे निम्म्या मानधनाची भरपाई जाहीर केली. विद्यापीठीय खेळाडूला मानधनच नसल्याने भरपाई कशाची मागणार? गोंदियासारख्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या वा भातगिरणीतील कामगाराच्या मुलाला स्पर्धेचे प्रमाणपत्र ही हौसेची वस्तू नव्हे. शासकीय सेवेतील पाच टक्के क्रीडा आरक्षणाचा दरवाजा अशाच प्रमाणपत्रांनी उघडतो, आणि विद्यापीठीय स्पर्धेला वयाची अट आहे.

यावर उपाय नव्हता काय? जानेवारी २०२१ मध्ये, दोन लाटांच्या मधल्या अवकाशात, क्रिकेट मंडळाने मुश्ताक अली स्पर्धेचे ३८ संघ सहा केंद्रांत विभागून साखळी सामने खेळविले. विद्यापीठांना एवढा डामडौल नको होता. नागपूरच्या मानकापूर क्रीडासंकुलासारखे एखादे विभागीय केंद्र, जवळच्याच महाविद्यालयांचे मोजके संघ आणि वर्ग बंद असल्याने रिकामी पडलेली वसतिगृहे एवढ्यावर काही खेळ तरी उरकता आले असते. वसतिगृहे विलगीकरणासाठी लागली असती तर मात्र तो हट्ट धरता आला नसता, हेही खरे.

अशा वेळी निदान वय तरी थांबवावे. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने त्या हंगामात खेळलेल्या विद्यार्थ्यांनाही पात्रतेचे एक वर्ष वाढवून दिले. त्यास ना हॉटेल लागते, ना तपासणी. स्पर्धा रद्द झालेले वर्ष वयोमर्यादेत धरू नये, असे कलम पुढील साथीची वाट न पाहता विद्यापीठांच्या क्रीडा नियमावलीत आणि क्रीडा आरक्षणाच्या नियमांत घालावे, म्हणजे त्यासाठी विद्यार्थ्याला कोणाकडे अर्ज घेऊन जावे लागणार नाही.